सांभाळणाऱ्याचं नाव

पाहुणीने पाण्याचा पेला हातात घेतला खरा, पण ओठांना लावला नाही. भिंगबाईंनी ते टिपलं. पाहुणीची नजर घरभर न फिरता सरळ कोपऱ्यातल्या टेबलावर गेली आणि तिथेच अडकली, हेही टिपलं. टेबलावर त्यांच्या नवऱ्याचा कॉम्प्युटर होता, धूळ बसू नये म्हणून जुन्या चादरीने झाकलेला.

“मी मैना,” पाहुणी म्हणाली. “म्हणजे खरं नाव वेगळं आहे. तिथं सगळे मैना म्हणतात.”

भिंगबाईंना हे सांगायची गरज नव्हती. पडद्यावरच्या ओळींच्या डाव्या बाजूला हे नाव त्यांनी किती वेळा पाहिलं होतं याला गणती नव्हती. फक्त त्या नावाला चेहरा नव्हता. आता होता, आणि त्यांनी मनात रंगवला होता तसा तो मुळीच नव्हता. समोरची बाई पन्नाशीची, अंगाने भरलेली, केस आखूड कापलेले, चपला झिजलेल्या. हातात अंगठी नव्हती.

टिपणं हा भिंगबाईंचा धंदाच होता. औषधाच्या कारखान्यात त्या तपासणी खात्यात होत्या. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या दिव्यासमोर धरायच्या, गर्रकन उलट्या करायच्या, आणि आत एखादा केस, तंतू, काचेचा कण तरंगताना दिसला की ती कुपी बाजूला टाकायची. आजवरची सगळी नोकरी त्यातच गेली होती. त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही म्हणून खात्यातल्या पोरींनी हे नाव ठेवलं आणि पुढे नात्यात, शेजारीपाजारी तेच रूढ झालं. त्यांना त्याचा राग नव्हता. कारखान्याच्या फाटकाबाहेरही आपले डोळे तसेच चालू राहतात याचा त्यांना आतून थोडा अभिमानच होता. भाजीवाल्याचा तराजू, लेकीच्या मैत्रिणी, शेजारच्यांकडे येणारे पाहुणे, सगळं त्या उजेडासमोर धरून पाहत.

नवऱ्यालाही.

नवरा जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. माणूस अबोल. कामावरून आला की चहा घ्यायचा आणि कॉम्प्युटरपुढे बसायचा. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणायचा, पॅकेज बघतोय. कसलं पॅकेज, हे त्याने सुरुवातीला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. सगळ्यांना खुली असलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, ती कुणाच्या मालकीची नाही, ठिकठिकाणचे लोक आपापल्या फावल्या वेळात तिची देखभाल करतात, आणि तिच्यातला एक लहानसा प्रोग्राम माझ्याकडे असतो. याचं तुम्हाला काय मिळतं, असं भिंगबाईंनी विचारलं. काही नाही, तो म्हणाला. ज्यात काही मिळत नाही ते काम माणूस इतक्या आनंदाने का करतो, ही शंका त्यांच्या मनात त्या दिवशी शिरली ती शिरलीच.

कारण तो घरात क्वचित हसायचा. पडद्याकडे बघून मात्र हसायचा. एकदा त्याच्या शेजारी चहाचा कप ठेवताना त्यांनी ओळ वाचली. मैना विचारत होती, आज उशीर झाला वाटतं. भिंगबाईंनी त्यावर सरळ काही विचारलं नाही. आडून विचारलं. तो म्हणाला, आमच्या गटातली आहे. आमच्या, हा शब्द त्यांच्या कानात खड्यासारखा राहिला. पुढे एका वर्षी गटातले सगळे कुठेतरी दूर एकत्र जमणार होते. त्याने बॅग भरली. भिंगबाई म्हणाल्या, जा की, तिकडंच राहा. त्याने बॅगेतले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले आणि तो विषय त्याच्या तोंडून परत कधी निघाला नाही. काही दिवसांनी त्याने टेबल फिरवलं. पूर्वी पडदा भिंतीकडे असायचा, तो आता स्वयंपाकघराच्या दाराकडे झाला. पासवर्डही त्याने त्यांना सांगून टाकला. “तिथून सगळं दिसेल तुला,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. भिंगबाईंनी तेव्हा मनाशी म्हटलं होतं, ज्याच्या मनात काही नाही तो असं टेबल कशाला फिरवेल.

आणि मग एके दिवशी कचेरीतच, समोर अर्धवट नकाशा असताना, त्याची मान खाली गेली ती वर आली नाही. त्यालाही आता काही आठवडे होऊन गेले होते.

मैना अंध लोकांसाठी पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात कामाला होती. तिने सावकाश, शब्द तोलत सांगितलं. साध्या मजकुराचं ब्रेलच्या ठिपक्यांत रूपांतर करणारा एक प्रोग्राम आहे, तिचा छापखाना आणि अशा कितीतरी शाळा त्याच्यावरच चालतात. तो लिहिणारे दुसरे कोणी. पण लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा कुणाच्या मशीनवर चालत नाही. तो नीट बांधावा लागतो. कुठली फाइल कुठे बसेल, त्याला आणखी कशाकशाची गरज लागेल, जुन्यावर नवा चढवताना काय मोडेल, हे सगळं पाहून त्याचं पॅकेज करायचं, आपली सही, म्हणजे कॉम्प्युटरवरची, पासवर्डने उघडणारी खूण, करायची आणि मग सिस्टिमकडे सोपवायचं.

“तुमच्या कारखान्यात औषध बनवणारे वेगळे आणि ते तपासून, खोक्यात भरून, वर चिठ्ठी लावून बाहेर सोडणारे वेगळे,” मैना म्हणाली. “ते या दुसऱ्या खात्यातले होते. तुमच्यासारखे.”

माझ्या कारखान्याचं हिला कुणी सांगितलं, एवढंच भिंगबाईंच्या मनात आलं.

मैनेचं म्हणणं असं होतं की बरेच दिवस त्यांचं उत्तर आलं नाही म्हणून तिने कचेरीत फोन लावला, तेव्हा कळलं. आता गटाला रीतसर कळवायला हवं. कळवलं की त्यांची सही रद्द होईल आणि पॅकेज बिनवारशी होईल. तिथे अशा पॅकेजला अनाथच म्हणतात. कुणी दत्तक घेतलं तर ठीक, नाहीतर सिस्टिमच्या पुढच्या आवृत्तीतून ते वगळलं जाईल. प्रोग्रामची नवी आवृत्ती आलेली होती आणि त्यांनी तिचं पॅकेज बांधायला घेतलं होतं. ते अर्धवट काम मशीनवर असेल, तर जरा बघता येईल का?

भिंगबाई म्हणाल्या, यांचं मशीन मी कुणाला दाखवणार नाही.

मैनेने मान हलवली. आग्रह केला नाही. आपला फोन नंबर सांगितला आणि उठली. दारात चपला घालताना थांबून म्हणाली, “एक सांगून जाते. त्यांची ती सही कुणाच्याही हाती देऊ नका. मलासुद्धा देऊ नका.”

ती गेल्यावर भिंगबाई बराच वेळ “मलासुद्धा” या शब्दापाशी अडकून बसल्या. प्रामाणिक माणूस असं बोलतो. आणि मुरलेला माणूसही असंच बोलतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दीर आला. धाकटा दीर, भावाच्या माघारी सगळं निस्तरायला पुढे झालेला, मनाने चांगला आणि उतावळा. दादाच्या निधनाची बातमी त्याने इंटरनेटवर टाकली होती, ती वाचून त्याला एका भल्या माणसाचा मेल आला होता. तो गटातला होता आणि वाटाड्या या टोपणनावाने लिहायचा. पत्र वाचून दिराचे डोळे भरून आले होते. दादांशी माझं रोज संध्याकाळी बोलणं व्हायचं, त्यांनीच मला या कामात हाताला धरून आणलं, असं त्याने लिहिलं होतं. वहिनींना आता या गोष्टींचा त्रास नको, पॅकेजचा भार मी घेतो. फक्त एकदा, शेवटचं, दादांच्या सहीने मला सांभाळणारा म्हणून नेमून द्या, म्हणजे पॅकेज अनाथ व्हायची वेळ येणार नाही.

भिंगबाईंनी विचारलं, हा कोण मला वहिनी म्हणणारा. दीर म्हणाला, मी म्हणतो म्हणून तोही म्हणतो, त्यात काय. लेकीला फोन लावला तर तीही म्हणाली, आई, देऊन टाक, सुटशील.

भिंगबाई हो म्हणाल्या. का म्हणाल्या हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं की त्या टेबलावरचं काहीही मैनेच्या हाती लागू नये.

सुटीच्या दिवशी सकाळी दिराने चादर बाजूला केली. भिंगबाईंनी पासवर्ड सांगितला. वाटाड्याने नव्या आवृत्तीचं पॅकेज स्वतःच बांधून पाठवलं होतं. कुठे काय दाबायचं ते दिराच्या फोनवर तो पायरीपायरीने कळवत होता. गटातल्या आणखी दोघा-तिघांनीही मेल पाठवले होते, वाटाड्याइतका तळमळीचा माणूस मिळणार नाही म्हणून. शेवटी सही करायची वेळ आली. सहीचाही तोच पासवर्ड होता. दीर खुर्चीतून उठला आणि भिंगबाईंना बसायला सांगितलं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. वाटाड्याने लिहिलं होतं, जरा लवकर करा, मैना वगैरे मंडळी सही रद्द करायच्या बेतात आहेत.

भिंगबाईंची बोटं कीबोर्डवर होती. ती तिथेच राहिली. कारखान्यात एखादा साहेब येऊन म्हणायचा, हा माल जरा लवकर सोडा, गाडी उभी आहे. तो माल त्या मुद्दाम दोनदा बघायच्या. पण नुसती घाईच खटकत नव्हती. आणखी काहीतरी खुपत होतं. त्यांनी फोन मागून घेतला आणि पहिलं पत्र पुन्हा वाचलं. रोज संध्याकाळी.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “हा माणूस यांच्याशी कधीच बोललेला नाही.”

दिराने विचारलं, कशावरून. भिंगबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वर्षानुवर्षं त्या तिथे उभ्या राहून, हातातलं काम करता करता, हा पडदा वाचत आल्या होत्या. डावीकडे कुणाची नावं येतात, कोण काय म्हणतं, नवरा कुठे हसतो. घुबड म्हणून एक होता, तो सारखा चुका काढायचा. आणखी चार-दोन नावं होती. मैना होती. वाटाड्या हे नाव एकदाही नव्हतं.

“मी बघत होते,” त्या म्हणाल्या. “रोज.”

दीर चिडला. एवढी खटपट केली आणि ऐन वेळी हे. तो म्हणाला, माणूस चांगुलपणाने काही करायला गेला तरी तुम्हाला त्यात काळंबेरं दिसतं. मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाला, “वहिनी, दादालासुद्धा तुम्ही असंच छळलंत.”

भिंगबाईंनी कॉम्प्युटर बंद केला, चादर नीट केली आणि दिराला चहा दिला. त्याने तो अर्धाच घेतला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या मैनेचा छापखाना शोधत गेल्या. फोन केला नाही. सांगून गेलं की माणूस सावरून बसतो, आणि त्यांना न सावरलेली मैना बघायची होती. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर लांबट खोली होती. आत खडखडाट चालला होता. यंत्रातून जाड पांढरे कागद बाहेर पडत होते आणि त्यांच्यावर एक अक्षर दिसत नव्हतं. बाजूच्या टेबलाशी एक अंध गृहस्थ बसले होते. प्रत्येक कागदावरून दोन्ही हातांची बोटं फिरवत, मध्येच एखाद्या ओळीवर परत जात, पसंत पडलेला कागद उजवीकडे आणि न पडलेला डावीकडे ठेवत होते. भिंगबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. दिवा नव्हता, भिंग नव्हतं, पण काम तेच होतं.

मैना कोपऱ्यात कॉम्प्युटरशी होती. भिंगबाईंना पाहून ती दचकली. त्यांनी आधी ते दचकणं पारखून घेतलं आणि मग सगळी हकीकत सांगितली.

संध्याकाळी मैना त्यांच्या घरी आली. या वेळी भिंगबाईंनी स्वतः चादर काढली, पण खुर्ची ओढून तिच्या खांद्याशी बसल्या. तिचा हात कुठे जातो, काय उघडतो, सगळं त्या बघत होत्या. मैनेला ते कळत होतं, तिने तसं दाखवलं नाही. वाटाड्याचं पॅकेज तिने उघडलं आणि ओळीमागून ओळ वाचायला लागली. काम सुबक होतं, तिने कबूल केलं. वाचता वाचता ती एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा तिथे आली. मग बोट ठेवून दाखवलं.

पॅकेज मशीनवर बसवताना जी पावलं आपोआप टाकली जातात, त्यांच्यात ती ओळ होती. ती इंटरनेटवरच्या एका पत्त्यावर जाऊन तिथलं काहीतरी उतरवून घेत होती आणि मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालवत होती.

“पॅकेजचं जे काय आहे ते सगळं पॅकेजच्या आत असायला हवं,” मैना म्हणाली. “म्हणजे ते तपासता येतं. हे बाहेर आणायला जातंय. आज त्या पत्त्यावर काही नाही, मी पाहिलं. उद्या तिथं कुणी काय ठेवेल ते कोण सांगणार. आणि वर सही त्यांची असती.”

भिंगबाईंनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कळण्यासारखं तिच्यात त्यांना फार नव्हतं. पण बाकीच्या स्वच्छ ओळींमध्ये तरंगणारा तो केस आता त्यांना दिसत होता. छापखान्यातल्या पांढऱ्या कागदांवर फिरणारी बोटं त्यांना आठवली. मैनेवर कुरघोडी करण्यासाठी त्या हे बाहेर सोडणार होत्या, नवऱ्याच्या नावाने.

गटाला कळवलं गेलं. नवऱ्याची सही त्याच दिवशी रद्द झाली, भिंगबाईंच्याच सांगण्यावरून. वाटाड्याचं उत्तर लगेच आलं, नेहमीसारखंच गोड. चाचणीसाठी घातलेली ओळ चुकून राहिली, मनापासून क्षमा मागतो. त्यानंतर तो कुठे दिसला नाही. त्याची तरफदारी करणारेही दिसेनासे झाले. ती चूक होती की डाव होता, हे शेवटपर्यंत कुणाला खात्रीने सांगता आलं नाही. दिराने मात्र चूकच धरली. त्यानंतर तो आला की बाहेरच्या खोलीत बसायचा आणि त्या टेबलाकडे बघायचं टाळायचा.

पॅकेज अनाथ म्हणून जाहीर झालं. कुणी पुढे आलं नाही. सिस्टिमची नवी आवृत्ती जवळ येत होती.

पॅकेज तुम्हीच घ्याल का, असं मैनेने विचारलं तेव्हा भिंगबाईंना वाटलं, ती थट्टा करतेय. त्यांनी उभ्या जन्मात प्रोग्रामची एक ओळ लिहिली नव्हती. मैना म्हणाली, लिहायची नाहीच आहे, लिहिणारे लिहितात. बांधायचं, तपासायचं आणि घाई न करता सोडायचं. ज्याला चटकन विश्वास टाकता येत नाही असं माणूस इथे चालतं.

भिंगबाईंनी दोन दिवस विचार केला. यात मैनेचा काय फायदा, हे त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिलं. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. तरी त्या हो म्हणाल्या.

मैना सुटीच्या दिवशी दुपारी यायला लागली. शिकणं सोपं नव्हतं. आज्ञा टाइप करताना एखादी मोकळी जागा राहिली की सगळं अडायचं. बांधलेलं पॅकेज तपासणारा एक वेगळा प्रोग्राम होता, तो इशाऱ्यांची रांग लावायचा. मैना म्हणायची, यातले काही सोडून दिले तरी चालतं. भिंगबाई एकही सोडायच्या नाहीत. एका इशाऱ्यापायी त्यांनी सबंध आठवडा घालवला, आणि शेवटी निघालं काय, तर परवान्याच्या फाइलमधलं जुनं साल. मैना हसली. भिंगबाई हसल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी तिला जेवायला थांबवून घेतलं.

नवऱ्याने अर्धवट ठेवलेलं काम हळूहळू उलगडत गेलं. पॅकेजसोबत बदलांची टिपणं ठेवायची रीत असते. त्याची टिपणं त्याच्यासारखीच होती, मोजक्या शब्दांची. अमुक चूक काढली. अमुक फाइल योग्य जागी हलवली. घरात इतकं कमी बोलणारा माणूस इथेही तितकंच कमी बोलत होता, हे वाचून त्यांना का कोण जाणे, बरं वाटलं.

आणि एका दुपारी, पॅकेज बांधलं जात असताना, पडद्यावरून ओळी सरकत असताना, भिंगबाईंनी विचारलं. इतकी वर्षं आडून विचारलेलं त्यांनी सरळ विचारलं.

मैनेने पडद्यावरची नजर हलवली नाही. “मला ते आवडायचे,” ती म्हणाली. “त्यांना मी आवडायचे का, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही. पॅकेजचं बोलायचो. कधीतरी तुमचं निघायचं. तुम्ही कुपीत केससुद्धा पकडता, हे ते सगळ्यांना सांगायचे. सारखं सांगायचे.”

ओळी सरकत राहिल्या.

“मी त्यांना एकदाही पाहिलं नाही,” मैना म्हणाली. “एकदा सगळे जमणार होतो. ते आले नाहीत.”

भिंगबाईंना कपाटात परत गेलेले कपडे आठवले. त्या वर्षी तो कुठला सदरा घालून जाणार होता, तेही आठवलं. आपण जे पकडलं असं इतकी वर्षं वाटत होतं ते खोटं नव्हतं. पण ते ज्याच्यात तरंगत होतं तो माणूस त्यांनी सगळाच्या सगळा बाजूला टाकून दिला होता. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, उगीच नळ सोडला आणि बंद केला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचे दोन पेले होते.

“मग हे पॅकेज तुम्ही का नाही घेतलंत?” त्यांनी विचारलं.

“घेता आलं असतं,” मैना म्हणाली. “पण त्यांच्या जागी माझं नाव. मला ते बरं दिसेना.”

पॅकेज तयार झालं. नवख्या माणसाला ते सिस्टिमकडे थेट सोपवता येत नाही, जुन्या जाणत्याने तपासून पुढे पाठवावं लागतं. मैना ते करू शकत होती. पण भिंगबाईच म्हणाल्या, ओळखीच्याने तपासलेलं मला चालायचं नाही. म्हणून ते घुबडाकडे गेलं. घुबड म्हणजे गटातला तपासनीस. त्याच्या तावडीतून पहिल्या खेपेला सुटलेलं पॅकेज कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडून काही दिवस काहीच आलं नाही. कारखान्यातून आल्या की भिंगबाई आधी मेल बघायच्या आणि मग पिशवी खाली ठेवायच्या.

उत्तर आलं त्या संध्याकाळी मैना तिथेच होती. घुबडाने पॅकेज परत पाठवलं होतं. बाकी सगळ्या तपासण्या पॅकेजने पार केल्या होत्या. एकही इशारा नाही, असं त्याने लिहिलं होतं, आणि असं तो सहसा लिहीत नसे. फक्त एक राहिलंय. सांभाळणाऱ्याचं नाव जुनंच आहे. ते बदलून पुन्हा पाठवा.

भिंगबाईंनी मैनेकडे पाहिलं. मैना खिडकीबाहेर बघत होती. तिने ते आधीच पाहिलं होतं हे उघड होतं. आणि भिंगबाईंनी ते पाहिलं नव्हतं यावर त्या दोघींपैकी कुणाचाही विश्वास बसला नसता.

त्यांनी फाइल उघडली. वरून काही ओळी खाली ते नाव होतं. आधी नवऱ्याचं नाव, मग आडनाव. भिंगबाईंनी नावाच्या शेवटच्या अक्षरापाशी जाऊन खोडायची कळ दाबली. घाई केली नाही. एकेक अक्षर जाऊ दिलं. जागा रिकामी झाल्यावर तिथे त्यांनी आपलं नाव टाइप केलं, तेही एकेक अक्षर करून, आणि ते बरोबर आहे का म्हणून पुन्हा वाचलं.

आडनावाला हात लावायची गरज पडली नाही. ते दोघांचं एकच होतं.